काचेवरची काजळी आणि संध्याकाळचं जड डोकं

वाचकाचं पत्र:

नमस्कार. गेल्या वर्षी आम्ही एक जुनं घर घेतलं. बैठकीच्या खोलीत गॅसवर चालणारी फायरप्लेस आधीपासूनच होती. पुढे काच, आत मातीचे ओंडके, मागून भिंतीतून बाहेर गेलेली नळी. पहिला हिवाळा छान गेला. यंदा मात्र पायलटची, म्हणजे मुख्य आग पेटवणारी छोटी, ज्योत दोन-तीन दिवसांआड विझते. बटण दाबून धरलं की पेटते, पण सोडल्यावर कधी टिकते, कधी नाही. काचेवर आतून काळा थर धरतो. मी पुसते, आठवड्याभरात पुन्हा येतो. हिवाळ्याआधी मी सगळे ओंडके काढून धूळ झटकली होती, त्यामुळे अस्वच्छता हे कारण नसावं. मिस्टरांचं म्हणणं, व्हिडिओ बघून घरीच दुरुस्त करू, तंत्रज्ञ कशाला? शिवाय वरच्या मजल्यावर झोपायच्या खोलीत दुसरी बसवायचा विचार आहे. विक्रेता म्हणतो, बिननळीची घ्या, भिंतीला भोकही पाडावं लागणार नाही. घरात सासूबाई आणि अडीच वर्षांची मुलगी असते. शेकत बसलं की सासूबाईंचं आणि माझं डोकं जरा जड होतं, पण ते उबेमुळे असावं. आम्ही काय करावं? – एक वाचक

ताई, नमस्कार.

तुम्ही पत्रात डोकं जड होण्याचं सगळ्यात शेवटी आणि सहज लिहिलंय. मी उत्तराची सुरुवात तिथूनच करणार आहे. हे वाचून झाल्यावर आधी उठा आणि फायरप्लेसकडे येणाऱ्या गॅसच्या नळीवरचा व्हॉल्व बंद करा. त्याची मूठ नळीच्या रेषेत असेल तर गॅस चालू, नळीला आडवी केली की बंद. तपासणी होईपर्यंत तो तसाच राहू द्या. तोवर दुसऱ्या एखाद्या साधनाने ऊब मिळवा, गैरसोय झाली तरी चालेल.

कारण सांगतो. गॅस नीट जळायला हवा भरपूर लागते, नैसर्गिक वायूच्या एका भागाला हवेचे जवळजवळ दहा भाग. तेवढी मिळाली की ज्वलनातून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ निघते. हवा कमी पडली की ज्वलन अर्धवट राहतं. त्यातला न जळलेला कार्बन काचेवर काजळी होऊन बसतो, आणि त्याच अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. काजळी डोळ्यांना दिसते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तुमच्याकडे काजळी आहे, आणि एकाच जागी बसणाऱ्या दोघींचं डोकं एकाच वेळी जड होतंय. मी तुमचं घर पाहिलेलं नाही, त्यामुळे वायू खोलीत येतोच आहे असं म्हणत नाही. पण या दोन गोष्टी एकत्र आल्यावर 'उबेमुळे असेल' असं म्हणून पुढे जाता येत नाही.

हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, म्हणून थोडा असला तरी घात करतो. सुरुवातीला डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, थकवा येतो. ताप नसलेला फ्लू वाटावा असं. बाहेर मोकळ्या हवेत गेलं की बरं वाटतं, आणि म्हणूनच माणसं ते विसरून जातात. म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना याचा त्रास लवकर होतो. तुमची मुलगी तर 'डोकं दुखतंय' असं सांगायच्या वयाचीही नाही. ती किरकिर करेल किंवा पेंगेल, आणि सगळ्यांना वाटेल की झोप आली.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा 'घरात गॅसची शेकोटी आहे आणि तिच्यावर काजळी धरते' हे वाक्य आवर्जून सांगा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. हिमोग्लोबिनला प्राणवायू चिकटलाय की कार्बन मोनॉक्साइड, हे साध्या ऑक्सिमीटरला ओळखता येत नाही आणि तो आकडा छान दाखवतो. रक्ताची वेगळी तपासणी करावी लागते, तीही लवकर, कारण स्वच्छ हवेत हा वायू काही तासांतच रक्तातून कमी होऊ लागतो. पुन्हा कधी डोकं जड झालं, तर सगळ्यांनी आधी बाहेर पडा, कारण नंतर शोधता येईल. कुणाला भोवळ आली, गोंधळल्यासारखं झालं किंवा जागं करणं कठीण गेलं, तर थेट आपत्कालीन मदत बोलवा.

घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर तो आधी आणा, दुरुस्तीचं नंतर बघू. झोपायच्या खोल्यांजवळ एक हवाच, आणि प्रत्येक मजल्यावर एक असावा. फायरप्लेसच्या अगदी शेजारी मात्र लावू नका, पेटवतानाच्या क्षणिक धुराने तो उगाच वाजतो, आणि उगाच वाजणारा अलार्म लोक काढून ठेवतात. त्यातला सेन्सर कायमचा नसतो. बहुतेक अलार्म पाच ते दहा वर्षांत बदलावे लागतात, मुदतीची तारीख मागे छापलेली असते. आधीच्या घरमालकांचा एखादा जुना भिंतीवर असेल तर ती तारीख बघा. बटण दाबून तो वाजतो म्हणजे बॅटरी आणि भोंगा ठीक आहेत एवढंच कळतं.

आता काजळी येते कुठून ते पाहू. तुमच्या पत्रात एक धागा आहे. ओंडके काढून झटकलेत, ते परत कसे ठेवलेत?

हे विचारायचं कारण माझ्या घरी घडलंय. एका वर्षी मीही असेच ओंडके काढले, धूळ झटकली, आणि दिसायला बरे दिसतील असे परत रचले. महिन्याभरात काच काळी. शेवटी पुस्तिका काढली तेव्हा कळलं की वरचा आडवा ओंडका जेमतेम बोटभर पुढे आला होता आणि ज्योत सरळ त्याच्यावर आपटत होती. ज्योत थंड पृष्ठभागावर आपटली की तिथे ज्वलन अर्धवट राहतं आणि काजळी धरते. या ओंडक्यांची जागा शोभेसाठी ठरवलेली नसते. प्रत्येकाच्या खाली खाच किंवा खुंटी असते आणि पुस्तिकेत क्रमांकासह चित्र असतं. पुस्तिका नसेल तर फायरप्लेसच्या खालच्या झडपेमागे एक पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर मॉडेलचा क्रमांक असतो, त्यावरून ती मिळवता येते. आणि पुढच्या वेळी काही हलवण्याआधी फोटो काढून ठेवा.

ओंडके तपासण्यासारखे आहेत, पण सगळा दोष त्यांच्यावर टाकू नका. बर्नरची भोकं धुळीने किंवा निखाऱ्यासारख्या दिसणाऱ्या लोकरीने बुजलेली असू शकतात. ती लोकर पातळ, विरळ पसरायची असते. निखारे छान दिसावेत म्हणून लोक तिचा गादीसारखा थर लावतात आणि ज्योतीचा गळा आवळतात. बर्नरला हवा देणारी छोटी झडप सरकलेली असू शकते. बाहेरच्या नळीच्या तोंडाशी पक्ष्याचं घरटं, पालापाचोळा किंवा बर्फ साचला असेल, तर धुराला वाट राहत नाही.

आणखी एक गोष्ट जुनं घर घेणाऱ्याने विचारायलाच हवी. फायरप्लेस बसवली तेव्हा घरात जो गॅस होता, तोच आज आहे का? नैसर्गिक वायू आणि एलपीजी यांच्यासाठी बर्नरचं नोझल वेगळं असतं. तेवढ्याच आकारमानाच्या एलपीजीतून नैसर्गिक वायूच्या जवळजवळ अडीच पट उष्णता निघते, म्हणून त्याचं भोक बारीक असतं. मोठ्या भोकातून एलपीजी सोडला तर ज्वाळा भडकते, हवा पुरत नाही आणि काजळीचे थर जमतात. गॅस बदलायचा तर त्या मॉडेलचा पूर्ण संच बदलावा लागतो, नोझल आणि दाब नियंत्रकासकट. पहिला हिवाळा तुमचा छान गेला म्हणजे मधल्या काळात काही बदललंय का, ते आठवून बघा.

तुमची फायरप्लेस वर्णनावरून बंदिस्त प्रकारची दिसते. तिच्या मागे नळीत नळी असते. बाहेरच्या नळीतून ताजी हवा आत येते, आतल्या नळीतून धूर बाहेर जातो, आणि पुढची काच रबरासारख्या दिसणाऱ्या दोरीच्या पट्टीवर, म्हणजे गॅस्केटवर, घट्ट बसते. खोलीतली हवा आणि आगीची हवा यांचा संबंध येऊच नये अशी ही रचना आहे. तुम्ही दर आठवड्याला काच काढून पुसता. ती प्रत्येक वेळी नीट बसते का? गॅस्केट कुठे दबलंय, फाटलंय, निसटलंय का? डोकं जड होण्याचं कारण तिथेच असू शकतं. आतली नळी सांध्यात निसटली असेल तर आणखी वाईट. धूर ताज्या हवेत मिसळून परत आत येतो. अशा वेळी ज्योत बर्नरवरून उचलली जाते, भुतासारखी तरंगते आणि विझते. हे घरी तपासता येत नाही. तंत्रज्ञाने नळीचे सांधे पाहिले पाहिजेत आणि धूर मोजायच्या यंत्राने खोलीतली हवाही.

ज्योत पिवळी आहे म्हणून घाबरू नका. ओंडक्यांच्या फायरप्लेसमध्ये ती मुद्दाम पिवळी ठेवलेली असते, लाकडाच्या जाळासारखी दिसावी म्हणून. पायलटची ज्योत मात्र निळीच हवी.

आता पायलट. तिच्या शेजारी बोटाएवढी धातूची कांडी असते, थर्मोकपल. ज्योतीने ती तापली की तिच्यात अगदी थोडी वीज तयार होते, साधारण २५ ते ३० मिलिव्होल्ट. तेवढ्या विजेवर गॅसच्या व्हॉल्वमधला चुंबक व्हॉल्व उघडा धरून ठेवतो. ज्योत विझली की कांडी गार होते, चुंबक सुटतो आणि गॅस बंद होतो. तुम्ही बटण दाबून धरता तेव्हा चुंबकाचं काम तुमचं बोट करत असतं. सोडल्यावर ज्योत जाते, म्हणजे चुंबकाला पुरेशी वीज मिळत नाही. एकतर ज्योत कांडीच्या टोकापर्यंत पोचत नाही, किंवा कांडीवर थर बसलाय, किंवा ती संपत आली आहे. पायलटच्या बारीक भोकात कोळ्याचं जाळंही पुरतं. गॅसच्या वासाकडे कोळी येतात, आणि उन्हाळाभर बंद असलेल्या फायरप्लेसमध्ये हे नेहमीचं आहे.

पण तुमची ज्योत चांगली पेटल्यानंतरही दोन-तीन दिवसांनी विझते. त्यामुळे आणखी एक पाहा: ती विझते तेव्हा घरात दुसरं काही गॅसवर चालू असतं का, पाणी तापवायचं यंत्र किंवा स्वयंपाकाची शेगडी? तसं असेल तर नळीत दाब कमी पडतोय. बाहेर जोराचा वारा असताना विझत असेल तर नळीच्या टोपणाकडे बोट जातं. आठवडाभर वहीत वेळ आणि वारा लिहून ठेवलं असतं तर तंत्रज्ञाचं अर्धं काम झालं असतं. आता फायरप्लेस बंद आहे, तेव्हा आठवतं तेवढं लिहा.

मिस्टरांबद्दल. त्यांचा उत्साह मोडायचा नाही, घरातल्या यंत्राची ओळख असणारा माणूस घरात हवाच. गॅस बंद करून आणि सगळं पूर्ण गार झाल्यावर त्यांनी ओंडके चित्राप्रमाणे लावावेत, खालच्या पंख्याची धूळ ब्रशने काढावी, बाहेरच्या नळीचं तोंड मोकळं आहे का पाहावं, गॅस्केट बोटाने चाचपावं, रिमोटची आणि आतल्या ठिणगीच्या डबीची बॅटरी बदलावी. थर्मोकपलचं टोक बारीक पॉलिश कागदाने हलकेच पुसायलाही हरकत नाही. याच्या पुढे मात्र त्यांनी थांबावं. गॅसचा सांधा सोडणं, नोझलला सुई घालणं, व्हॉल्व उघडणं, दाब बदलणं हे परवानाधारक माणसाचं काम. सुईने भोक केसभर मोठं झालं तरी त्या नोझलचं माप बिघडलं.

दोन गोष्टी कोणत्याही व्हिडिओत दिसल्या तरी करायच्या नाहीत. बटण दाबलेलं राहावं म्हणून काही अडकवून ठेवायचं नाही. त्याने तुमच्या घरातला एकमेव पहारेकरी बांधून ठेवल्यासारखं होतं, ज्योत विझली तरी गॅस येतच राहतो. आणि भिंतीवरच्या स्विचला घरातली वीज जोडायची नाही. पायलट कायम जळणाऱ्या फायरप्लेसमध्ये तो स्विच थर्मोपाइलच्या, म्हणजे अनेक थर्मोकपल एकत्र जोडलेल्या कांडीच्या, अर्ध्या-पाऊण व्होल्टवर चालतो, त्यात घरातली वीज सोडली की व्हॉल्व जळतो.

पेटवताना जमलं नाही तर लगेच पुन्हा ठिणगी देऊ नका. बटण बंद करा आणि किमान पाच मिनिटं थांबा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो, म्हणून वास खाली वाकून घ्या. नैसर्गिक वायू हलका असतो, वर जातो. साठलेला गॅस उशिरा पेटला की 'धप्' असा आवाज होतो. तो आवाज एकदा जरी आला, तरी फायरप्लेस बंद ठेवा आणि तंत्रज्ञाला 'उशिरा पेटते' असं स्पष्ट सांगा. त्या धक्क्याने काचा फुटतात. खोलीत गॅसचा वास भरला असेल तर स्विच चालूही करू नका, बंदही करू नका. बाहेर पडता पडता दार-खिडक्या उघडता आल्या तर उघडा, आणि फोन बाहेर जाऊन करा.

काचेविषयी थोडक्यात. काळा थर हा दोषाचा असतो, पांढुरका थर ज्वलनाचा असतो आणि तो चांगल्या फायरप्लेसवरही येतो. तो वेळच्या वेळी काढा, महिनोन्‌महिने भाजत राहिला की काचेत कायमचा बसतो. खिडक्या पुसायचा अमोनियावाला द्रव वापरू नका आणि घासणीही नको. फायरप्लेसच्या काचेसाठी वेगळं मलम मिळतं, ते मऊ कापडाने लावा. पेटवल्यावर पहिली काही मिनिटं काचेवर बाष्प दिसतं, ते आपोआप जातं.

वरच्या खोलीसाठी बिननळीची फायरप्लेस घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. जे जळतं ते सगळं त्याच खोलीत राहतं जिथे तुम्ही दार लावून आठ तास झोपणार. विक्रेता सांगेल की तिच्यात प्राणवायूचा सेन्सर असतो. असतो, आणि हवेतला प्राणवायू २१ टक्क्यांवरून १८ च्या आसपास आला की तो गॅस बंद करतो. पण तो मोजतो प्राणवायू. प्राणवायू पुरेसा असतानाही बिघडलेला बर्नर कार्बन मोनॉक्साइड सोडू शकतो, आणि त्याची खबर या सेन्सरला नसते. शिवाय एक घनमीटर नैसर्गिक वायू जळला की सुमारे दीड लिटर पाणी वाफेच्या रूपाने खोलीत येतं. थंड भिंतींवर ते पाणी धरतं आणि बुरशी येते. अनेक ठिकाणी झोपायच्या खोलीत हा प्रकार कायद्यानेच चालत नाही.

बसवायचीच असेल तर खालच्यासारखी बंदिस्त, बाहेरच्या भिंतीला लागून. नळी थेट भिंतीतून जाते, उंच धुरांडं लागत नाही. भोक पाडणं टाळण्यासारखं नाहीच, सुरक्षितता त्या भोकातूनच येते. जागा ठरवताना बाहेरचं तोंड खिडकीपासून आणि दारापासून पुस्तिकेत दिलं आहे तेवढं लांब पडतं का ते आधी बघा, आतली सजावट नंतर. वरच्या लाकडी फळीचं आणि टीव्हीचं अंतरही पुस्तिकेतच असतं. आणि गॅसची नळी. दुसरी फायरप्लेस जोडली तर आहे ती नळी दोन्हींना पुरेल का, हे लांबी आणि व्यासावरून मोजून घ्यावं लागतं. खालची आताच दाबाअभावी विझत असेल, तर वरचीने ती रोज विझेल. म्हणून खालचीचं कारण सापडेपर्यंत दुसरीची मागणी नोंदवू नका. नवी पहिल्यांदा पेटवाल तेव्हा रंग भाजल्याचा वास येतो. खिडक्या उघड्या ठेवून तीन-चार तास चालवा, त्या वेळी मुलीला आणि सासूबाईंना त्या खोलीत ठेवू नका.

मुलीसाठी अजून एक. फायरप्लेसची काच चालू असताना इतकी तापते की हात लागताच भाजतो, आणि बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते. तिच्यापुढे जाळीचा पडदा हवाच. आधीच्या मालकांनी दिसायला बरं वाटावं म्हणून तो काढून ठेवला असेल, माळ्यावर शोधा. नसेलच तर त्या मॉडेलची जाळी मागवा, आणि त्याच्याही पुढे, भिंतीला पक्कं होणारं कुंपण लावा, जे ती ओढून पाडू शकणार नाही.

तंत्रज्ञ येईल तेव्हा घरी थांबा आणि त्याच्या शेजारी उभ्या राहा. सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहतो का, काच काढून गॅस्केट बघतो का, बाहेर जाऊन नळीचं तोंड तपासतो का, हे पाहा. नुसती ज्योत पेटवून 'झालं' म्हणाला तर काम झालेलं नाही. जाण्याआधी त्याला तीन आकडे विचारा: सगळी उपकरणं चालू असताना गॅसचा दाब किती, पायलटच्या कांडीचे मिलिव्होल्ट किती, आणि फायरप्लेस अर्धा तास चालल्यावर खोलीत कार्बन मोनॉक्साइड किती. तिसरा शून्य यायला हवा. नाही आला तर व्हॉल्व पुन्हा आडवा करा आणि मला लिहा. आला तर तिन्ही आकडे तारखेसह झडपेच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा, पुढच्या वर्षी थंडी सुरू व्हायच्या आधी जो तपासायला येईल त्याला ते लागतील.